शास्त्रीय गोष्टी : आसन्न उत्तर आणि यंत्राचा कारभारी

संगणक कधीं चुकत नाहीं, अशी एक समजूत आपल्या घरोघरीं रूढ झाली आहे. बँकेचें खातें, परीक्षेचे निकाल, पंचांगाचें गणित, फार काय पण विमानाचें उड्डाणही त्याच्या हवालीं करून आपण निर्धास्त असतों. ज्यांच्या घरीं एखादा मुलगा वा मुलगी ही विद्या शिकत असेल, त्यांनीं एक लहानसा प्रयोग करवून पाहावा. पायथन नांवाची जी भाषा आज सर्वत्र शिकविली जाते तींत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज यंत्रास विचारावी. दशांश अपूर्णांक नुकतेच शिकलेला विद्यार्थी ०.३ असें सांगेल. यंत्र मात्र ०.३०००००००००००००००४ असें सांगतें. हें उत्तर चूक म्हणावें कीं बरोबर, ही चूक कोठून येते, आणि ती अंगाशीं आली असतां यंत्राच्या पोटांत तिची वास्तपुस्त कोणीं घ्यावयाची, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही या महिन्याच्या सदरांत करणार आहों.

पहिल्या प्रश्नाचें मूळ आपल्या शाळेंतल्याच गणितांत आहे. एक तृतीयांश हा अपूर्णांक दशांशरूपानें पुरता लिहितां येत नाहीं, ०.३३३ असें लिहीत कितीही पुढें गेलें तरी शेष राहतोच. कारण दहाचे मूळ अवयव दोन आणि पांच. अतिसंक्षिप्त केलेल्या अपूर्णांकाच्या छेदांत यांहून निराळा मूळ अवयव आला कीं दशांश संपत नाहीं. यंत्र द्विमान पद्धतीनें लिहितें. त्याच्यापाशीं ० आणि १ हे दोनच अंक, व त्याच्या पायाचा मूळ अवयव केवळ दोन. म्हणून अर्धा, पाव, अष्टमांश हे त्यास बिनचूक लिहितां येतात. परंतु एक दशांश लिहावयास घेतला कीं छेदांतला पांच आडवा येतो, आणि ०.०००११००११००११ अशी न संपणारी रांग लागते. आमच्या जुन्या वाचकांस यांत एक गंमत वाटेल. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे हा जो आपला पूर्वींचा हिशेब, तो या यंत्रास अगदीं मानवला असता, कारण सोळा आणि चौसष्ट या दोन्ही संख्या दोनाच्याच घातानें होतात. फक्त पै मात्र अडली असती. रुपयाच्या १९२ पै, आणि त्यांत तीन हा अवयव शिरला आहे. १९५७ सालीं दशमान नाणें आलें, रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि त्यांतला एक पैसा, म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग, यंत्रास द्विमानांत नेमका लिहितां येत नाहीं.

मग यंत्र काय करतें? तें ठराविक घरें आंखून घेतें आणि त्यांत मावेल तेवढेंच लिहितें. आजच्या नेहमींच्या पद्धतींत एका संख्येस चौसष्ट घरें मिळतात. त्यांपैकीं एक घर धन कीं ऋण या चिन्हाचें, अकरा घरें घातांकाचीं, आणि उरलेलीं बावन्न अंकांचीं. ज्योतिषी जसे मोठें अंतर दहाच्या घातानें लिहितात तसाच हा प्रकार. घातांकाप्रमाणें बिंदु मागेंपुढें सरकतो, म्हणून इंग्रजींत यास फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. आम्ही यास तरता बिंदु म्हणूं. यांत दशमानाचे सुमारें पंधरा ते सोळा अंक विश्वासानें मिळतात. त्यापलीकडचें जें कांहीं, तें जवळच्या संख्येंत मिळवून टाकलें जातें. तेव्हां वरच्या बेरजेचें उत्तर चूकही नाहीं आणि बरोबरही नाहीं. त्यास एक फार चांगला जुना शब्द आहे : आसन्न.

आर्यभटांनीं इ. स. ४९९ च्या सुमारास वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं असलेलें प्रमाण ६२८३२ भागिलें २०००० असें दिलें, आणि देतांनाच तें आसन्न, म्हणजे जवळ पोंचणारें, आहे असें स्वतःच्या तोंडानें सांगितलें. आपलें उत्तर किती खरें आहे हें उत्तराबरोबरच सांगणें यांत शास्त्रकाराचा खरा प्रामाणिकपणा आहे. यंत्र तेवढें सांगत नाहीं. तें आसन्न उत्तरही पूर्ण उत्तराच्याच थाटांत मांडतें, व घेणारा तें पूर्ण समजून पुढच्या गणितांत घालतो.

किंचित् चुकीनें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. एका गणितांत कांहीं बिघडत नाहीं. पण तेंच गणित पुनःपुन्हा झालें म्हणजे बिघडतें. सूर्यसिद्धान्ताचें वर्ष ३६५ दिवस १५ घटिका ३१ पळें आणि सुमारें ३१ विपळें इतकें. आजच्या वेधांनीं ठरलेल्या नाक्षत्र वर्षाहून तें साडेतीन मिनिटांना थोडें कमी इतकेंच अधिक आहे. एका मनुष्याच्या आयुष्यांत हें कोणास जाणवावें? परंतु हजार वर्षें तेंच मान धरलें तर सुमारें दोन दिवस आणि साडेनऊ तासांचें अंतर पडतें. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं व पुढें लोकमान्य टिळकांनीं पंचांगशुद्धीचा जो आग्रह धरला, त्याच्या मुळाशीं अशींच सांचत गेलेलीं सूक्ष्म अंतरें होतीं. यंत्राचें दैव असें कीं आपण जें हजार वर्षांत सांचवितों तें तें एका दिवसांत सांचवूं शकतें, कारण त्याची आवृत्ति सेकंदास कितीतरी वेळां होते.

याचें अत्यंत दुःखद उदाहरण १९९१ सालच्या आखाती युद्धांत घडलें. शत्रूचें क्षेपणास्त्र हवेंतच पाडण्यासाठीं अमेरिकेनें पेट्रियट नांवाची यंत्रणा सौदी अरबस्तानांत धहरान येथें ठेविली होती. तिचें अंतर्गत घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजीत असे. हा आंकडा पूर्णांकांत असल्यामुळें निर्दोष होता. पण त्याचे सेकंद करण्यासाठीं त्यास एक दशांशानें गुणावें लागे, आणि तो एक दशांश चोवीस घरांत कोंबून बसविलेला होता. हें गणित तरत्या बिंदूचें नव्हतें, स्थिर बिंदूचें होतें. परंतु रोगाचें मूळ तेंच. प्रत्येक दहाव्या भागामागें राहिलेली चूक सेकंदाच्या सुमारें ०.०००००००९५ इतकी. यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ अखंड चालू राहिली. शंभर तासांत दहावे भाग होतात छत्तीस लक्ष, आणि तेवढ्यांत चूक झाली सेकंदाच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक. इतक्या वेळांत वेगवान क्षेपणास्त्र किती पुढें जातें याचा हिशेब अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षकांनीं नंतर केला, तो ६८७ मीटर भरला. यंत्रणेनें आकाशाचा जो तुकडा न्याहाळला त्यांत क्षेपणास्त्र दिसलेंच नाहीं. २५ फेब्रुवारी रोजीं तें सैनिकांच्या निवासावर कोसळलें व २८ सैनिक मृत्यु पावले.

हा दोष अज्ञात नव्हता, हें यांतलें अधिक टोंचणारें. आठ तास यंत्रणा चालली कीं नेम ढळूं लागतो, ही माहिती इस्रायलकडून ११ फेब्रुवारीसच मिळाली होती. १६ फेब्रुवारीस सुधारलेली आज्ञावली तयार झाली. २१ फेब्रुवारीस, यंत्रणा फार वेळ चालविल्यास नेम ढळेल, असा निरोप सर्वांस गेला. पण फार वेळ म्हणजे किती तास, हें त्या निरोपांत नव्हतें. सुधारलेली आज्ञावली धहरानला पोंचली ती २६ फेब्रुवारीस, म्हणजे दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशीं. मध्यंतरीं यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती तरी घड्याळ शून्यापासून लागलें असतें, आणि त्यास एक-दीड मिनिट पुरें होतें.

या प्रकरणांतला आणखी एक बारकावा गणित शिकविणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सेकंद करण्याची अधिक अचूक अशी नवी रीत त्या आज्ञावलींत आधींच आली होती, पण ती कांहीं ठिकाणीं बसविली गेली आणि कांहीं ठिकाणीं जुनीच राहिली. यंत्रणेस हवें असतें तें दोन वेळांमधलें अंतर. दोन्ही वेळा सारख्याच चुकीच्या असत्या तर वजाबाकींत चूक बहुतेक कटून गेली असती. एक शुद्ध आणि एक अशुद्ध झाल्यामुळें ती उघडी पडली. अर्धवट केलेली सुधारणा मूळच्या दोषाहून कधीं कधीं अधिक घातक ठरते ती अशी.

येथवर सूक्ष्म चुकीची गोष्ट झाली. तिच्याहून निराळी एक जात आहे, जेथें उत्तर आसन्नसुद्धां देतां येत नाहीं. एकास शून्यानें भागलें तर काय? शून्यास शून्यानें भागलें तर? हे प्रश्न आपल्या पूर्वजांस नवे नाहींत. ब्रह्मगुप्तांनीं इ. स. ६२८ मध्यें शून्य भागिलें शून्य यास शून्यच म्हटलें. तें पुढें टिकलें नाहीं. भास्कराचार्यांनीं आपल्या बीजगणितांत शून्यानें भागलेल्या राशीस खहर अशी संज्ञा दिली, आणि तींत कांहीं मिळविलें वा तींतून कांहीं वजा केलें तरी ती बदलत नाहीं, हें समजावतांना सृष्टीची उत्पत्ति व लय होत असतां अविकारी राहणाऱ्या अनंताचा दृष्टान्त दिला. या आचार्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या, मठाचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे, हें अनेक वाचकांस ठाऊक असेल.

नवल असें कीं १९८५ सालीं यंत्रांच्या तरत्या बिंदूसाठीं जो आंतरराष्ट्रीय दंडक ठरला, आणि ज्याचा क्रमांक आय-ट्रिपल-ई ७५४ असा आहे, त्यांत भास्कराचार्यांच्या खहरासारखाच एक पदार्थ आहे. एकास शून्यानें भागलें कीं यंत्र अनंत हें उत्तर लिहितें, आणि त्यांत एक मिळविला तरी तें अनंतच राहतें. शून्य भागिलें शून्य याचें उत्तर मात्र नॅन, म्हणजे संख्याच नव्हे, असें येतें. आणि ही नॅन स्वतःशींसुद्धां समान नसते. या दंडकामागें मुख्य बुद्धि विल्यम कहान या कॅनडांत जन्मलेल्या गणितज्ञाची. त्यांस १९८९ सालीं ट्यूरिंग पारितोषिक मिळालें. दंडकानें पांच प्रकारचे अपवाद मानले आहेत : निरर्थक क्रिया, शून्यानें भागाकार, घरांत न मावणारें अतिमोठें उत्तर, शून्याकडे झुकणारें अतिलहान उत्तर, आणि नेमकें न बसल्यामुळें जवळच्या संख्येंत मिळविलेलें उत्तर. यांपैकीं कांहीं घडलें कीं यंत्र थांबत नाहीं. तें ठरलेलें उत्तर लिहून पुढें जातें आणि एक निशाण उभें करून ठेवितें. ज्यास काळजी असेल त्यानें तें निशाण पाहावें. म्हणजे आर्यभटांचा आसन्न हा शेरा यंत्रानेंही लिहून ठेविलेला असतो. बहुतेक लोक तो वाचीत नाहींत, एवढेंच.

आतां यंत्राच्या कारभाऱ्याकडे वळूं. संगणकावर एकाच वेळीं अनेक आज्ञावली चालतात. त्या सर्वांस प्रक्रियायंत्र, स्मृति व वेळ वांटून देणारी एक मूळ आज्ञावली सर्वांच्या खालीं असते. तिला कर्नल म्हणतात. मोठ्या एकत्र कुटुंबांत कोठीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेस, तसें तिचें स्थान. लिनक्स नांवाच्या प्रसिद्ध कर्नलचा एक नियम लक्षांत घेण्यासारखा आहे : कारभाऱ्यानें स्वतः तरत्या बिंदूचें गणित शक्यतों करूं नये. याचें कारण असें. तें गणित ज्या कप्प्यांत होतें ते कप्पे त्या क्षणीं दुसऱ्या कोणाच्या तरी अर्धवट हिशेबानें भरलेले असतात. कारभाऱ्यास ते वापरावयाचे तर आधीं त्यांतलें सर्व उचलून नीट ठेवावें लागतें व काम होतांच जसेंच्या तसें परत भरावें लागतें. १९८० सालच्या इंटेल ८०८७ या सहायक यंत्रांत असे कप्पे आठच होते. आजच्या मोठ्या प्रक्रियायंत्रांत ते बत्तीस असून प्रत्येक पांचशें बारा घरांचा असूं शकतो. एवढी उचलठेव क्षणोक्षणीं परवडत नाहीं. अगदींच निरुपाय झाला तर आरंभ व शेवट स्पष्ट सांगून, मध्यें दुसऱ्यास शिरूं न देतां, तें काम उरकावें, अशी शिस्त आहे.

मग कारभारी अपूर्णांकांचें काय करतो? आपल्या वडिलांनीं जें केलें तेंच. ते आण्यापैचा हिशेब पूर्णांकांत मांडीत. हाही एकक लहान घेऊन पूर्णांकच मोजतो. वेळ तो सेकंदाच्या अब्जांशांत मोजतो. चिन्हासह चौसष्ट घरांत असे अब्जांश २९२ वर्षांपर्यंत मावतात. यंत्रावर कामाचा बोजा सरासरी किती आहे हें सांगावयाचें तर तो एकाचे २०४८ भाग कल्पून त्यांत हिशेब ठेवितो. २०४८ ही दोनाच्या घाताची संख्या, म्हणून भाग पाडणें त्यास सोपें जातें.

कप्पे उचलून ठेवण्यांत आळस केला तर काय होतें, याचाही दाखला आहे. दुसऱ्या आज्ञावलीस तरत्या बिंदूचें काम पडेपर्यंत पहिलीचें सामान कप्प्यांतच राहूं द्यावें, अशी एक काटकसरीची रीत अनेक वर्षें चालू होती. जून २०१८ मध्यें असें उघड झालें कीं इंटेलच्या कित्येक प्रक्रियायंत्रांवर मागें राहिलेलें तें सामान दुसऱ्या आज्ञावलीस आडमार्गानें ओळखतां येतें, आणि त्यांत गुप्तलेखनाच्या किल्ल्याही असूं शकतात. तेव्हांपासून प्रत्येक वेळीं लगेच उचलून ठेवणें हीच रीत सर्वत्र पसंत झाली.

दुसरें काम अपवादाचा निवाडा करण्याचें. पूर्णांकांच्या गणितांत अनंतास वा नॅनला जागा नाहीं. म्हणून पूर्णांकास शून्यानें भागतांच घरोघरच्या संगणकांतलें प्रक्रियायंत्र काम तेथेंच थांबवून कर्नलकडे धांव घेतें. कर्नल अपराधी आज्ञावली शोधून तिला एक सूचना पाठवितो. तिनें आधींच कांहीं तजवीज करून ठेविली असेल तर ठीक, नाहींतर तिचें काम संपवितो. बाकीच्या आज्ञावलींस धक्का लागत नाहीं. या सूचनेचें नांव तरत्या बिंदूचा अपवाद असें आहे, आणि गंमत ही कीं ती बहुधा पूर्णांकाच्या भागाकारावरच येते, कारण तरत्या बिंदूचा अपवाद नुसतें निशाण उभें करून गप्प राहतो. अशी चूक खुद्द कारभाऱ्याच्याच हातून झाली तर मात्र वर दाद मागावयास कोणी नसतें, व सगळें यंत्र थांबण्याची पाळी येऊं शकते.

चुकणाऱ्यास थांबविणें हा न्याय नेहमींच योग्य असतो काय? ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंत फ्रेंच गयानांतील कुरू येथून एरियन ५ हें युरोपचें नवें अग्निबाण प्रथमच उडालें. त्याची दिशा सांगणारें उपकरण जुन्या एरियन ४ वरून जसेंच्या तसें घेतलें होतें. त्यांत आडव्या वेगाशीं संबंधित एक संख्या चौसष्ट घरांच्या तरत्या बिंदूंतून सोळा घरांच्या पूर्णांकांत बदलली जात असे. सोळा घरांत ३२७६७ च्या वर मावत नाहीं. जुन्या बाणाचा आडवा वेग बेताचा, म्हणून तेथें कधीं अडलें नाहीं. नव्याचा कितीतरी अधिक. संख्या मावली नाहीं, अपवाद उठला, आणि ठरलेल्या नियमानुसार उपकरणानें स्वतःस बंद करून घेतलें. जोडीस राखीव उपकरण होतें. परंतु त्यांतही तीच आज्ञावली असल्यामुळें तें ७२ सहस्रांश सेकंद आधींच बंद पडलें होतें. बंद पडतांना पाठविलेला दोषाचा अहवाल मुख्य संगणकानें उड्डाणाची खरी माहिती समजून वाचला, बाणाचीं तोंडें एकदम वळविलीं, आणि उड्डाणापासून चाळीस सेकंदांच्या आंत बाण व त्यावरचे चार उपग्रह नष्ट झाले. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं.

फ्रेंच गणितज्ञ जाक-लुई लियॉन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली. तींत आढळलें तें असें. धोक्याच्या सात संख्यांपैकीं चारांस संरक्षण दिलेलें होतें. तिघांस दिलें नव्हतें, कारण यंत्रावरचा बोजा ठराविक मर्यादेंत ठेवावयाचा होता व त्या संख्या वाढणार नाहींत असें मानलें गेलें होतें. शिवाय ज्या गणितानें घात केला त्याचा उपयोग उड्डाणापूर्वींच संपत असे. जुन्या बाणाच्या सोयीसाठीं तें पुढें कांहीं सेकंद चालू ठेवीत, तेंच नव्यांतही राहिलें. ज्या उत्तराची कोणास गरज नव्हती त्यांतल्या चुकीनें सर्वनाश केला. घरच्या संगणकावर एक आज्ञावली थांबविली तर बाकीचीं कामें चालतात. भर आकाशांत दिशा सांगणाराच थांबला तर मागें कोण? येथें आडव्या वेगाची जितकी मोठी संख्या मावते तितकी लिहून, निशाण उभें करून, काम चालू ठेवणेंच योग्य झालें असतें. उलट, बँकेच्या खात्यांत तसें भलतें उत्तर लिहून पुढें जाण्यापेक्षां थांबणें बरें. थांबावें कीं चालावें हें चुकीच्या स्वरूपावरून ठरत नाहीं. त्या उत्तरावर पुढें काय अवलंबून आहे, यावरून ठरतें, आणि तें आज्ञावली लिहितांनाच ठरवून ठेवावें लागतें.

ज्या घरांतलीं मुलें या व्यवसायांत आहेत वा जाऊं पाहतात, त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं एवढ्या तीन गोष्टी त्यांच्या कानीं घालाव्या. जेथें पूर्णांकानें भागतें तेथें अपूर्णांकाच्या वाटेस जाऊं नये. मोठ्या भांड्यांतलें लहानांत ओततांना तें मावेल कीं नाहीं हें आधीं पाहावें. काल मावलें म्हणून आज मावेल असें धरूं नये. आणि यंत्रानें उभें केलेलें निशाण वाचल्याशिवाय उत्तर दुसऱ्याच्या हातीं देऊं नये. धहरानचा निरोप लिहिणाऱ्यानें फार वेळ या शब्दांऐवजीं तासांचा आंकडा घातला असता, तर कदाचित् त्या दिवशीं यंत्रणा मिनिटभर बंद करण्याचें कोणास सुचलें असतें. शाळेच्या वहींत दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत उत्तर काढून पुढें सुमारें हा शब्द लिहावयास लावणारे शिक्षक मुलांस फार कटकटीचे वाटतात; पण त्या एका शब्दाची किंमत किती, हें वरच्या दोन हकीकतींवरून मुलांस समजावून सांगावें.